बोरघाटाची चढण

खोपोली आणि खंडाळा ही दोन गावे नकाशावर शोधून त्यांच्यावर पट्टी ठेवली, तर मधले अंतर जेमतेम चार-पाच किलोमीटर भरते. सपाटीवर एखादा शाळकरी मुलगा सायकलीने ते वीस मिनिटांत कापील. परंतु खोपोली समुद्रसपाटीपासून साधारण साठ-सत्तर मीटर उंचीवर आहे आणि खंडाळा साडेपाचशेच्या आसपास. फरक सुमारे ४८० मीटरचा. सरळ रेषेत वाट काढायची म्हटले, तर दर नऊ-दहा मीटरला एक मीटर चढावे लागेल. प्रत्यक्षात तेही शक्य नाही, कारण ही चढण सारखी वाटलेली नाही. तिचा मोठा भाग एका कड्यातच साठला आहे. माणूस चढेल, पाठीवर गोणी घेतलेला बैल चढेल. भरलेली गाडी चढणार नाही, आणि आगगाडीचे तर नावच नको.

तरीही १८३० साली येथून गाडीरस्ता गेला आणि १८६३ साली लोहमार्ग. हे कसे जमले, कोणत्या हिशेबाने जमले आणि त्याची किंमत कोणी मोजली, हे पाहण्यासाठी हा लेख.

आधी नावाचा घोळ मिटवू. इंग्रजी कागदपत्रांत या घाटाचे स्पेलिंग असे काही केले आहे की वाचणारा त्याला 'भोर घाट' म्हणतो आणि त्याची सांगड पुण्याच्या दक्षिणेकडील भोर या गावाशी घालतो. त्या गावाचा येथे काही संबंध नाही. आपल्याकडे रूढ असलेले नाव बोरघाट किंवा खंडाळ्याचा घाट असेच आहे.

ही वाट फार जुनी आहे. घाटमाथ्यावर कार्ले, भाजे, बेडसे आणि पायथ्याच्या बाजूला कोंडाणे ही लेणी, वर पहाऱ्याला राजमाची. कोकणातली बंदरे आणि देशावरच्या बाजारपेठा यांना जोडणाऱ्या वाटांवरच अशी लेणी आणि किल्ले आढळतात. या वाटांवरून लमाणांचे तांडे बैलांच्या पाठीवर मीठ, धान्य, कापूस वाहून नेत. बैलाला चाके नसतात, त्यामुळे त्याच्यासाठी वाटेची रुंदी आणि चढ यांचा फारसा विचार करावा लागत नाही. दोन पावले ठेवायला जागा आणि मधूनमधून पाणी एवढे पुरते.

चाक आले की प्रश्न बदलतो. १८१८ साली पेशवाई गेली आणि मुंबई व पुणे एकाच सत्तेखाली आली. तोफा, रसद, टपाल आणि कापूस चाकांवरून न्यायची निकड निर्माण झाली. गव्हर्नर सर जॉन माल्कम यांच्या कारकिर्दीत कॅप्टन ह्यूज या लष्करी अभियंत्याने घाटातला गाडीरस्ता बांधला आणि १० नोव्हेंबर १८३० रोजी तो वाहतुकीस खुला झाला. या रस्त्यावरचा एक दगडी पूल मराठी प्रवाशांच्या चांगल्या परिचयाचा होता. वेदनाशामक मलमाच्या जाहिरातीमुळे लोक त्याला 'अमृतांजन पूल' म्हणत. मुंबई-पुणे द्रुतगती मार्गाला अडथळा होतो म्हणून एप्रिल २०२० मध्ये, टाळेबंदीने रस्ता ओस पडलेला असताना, तो सुरुंग लावून पाडण्यात आला. म्हणजे १९० वर्षे तो उभा होता. त्याच घाटातला दुसरा एक पूल उभारल्यावर काही वर्षांतच कोसळला. त्याची हकिकत पुढे येईल.

आता या डोंगराची घडण पाहू, कारण सगळे गणित तिच्यावर बेतलेले आहे.

सह्याद्रीचा हा भाग लाव्हाच्या थरांचा बनला आहे. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी जमिनीच्या भेगांतून लाव्हा बाहेर आला, पसरला, थंड झाला, आणि हे पुन:पुन्हा घडले. एकेका प्रवाहाचा मधला भाग सावकाश थिजून भरीव बेसॉल्ट झाला, तोच आपला काळा पाषाण. वरचा भाग वायूंच्या बुडबुड्यांमुळे सच्छिद्र राहिला. दोन प्रवाहांच्या मध्ये कधीकधी तांबड्या मातकट खडकाचा पातळ पट्टा सापडतो. भरीव थर झिजायला कठीण असतो, म्हणून तो कड्याच्या रूपाने उभा राहतो; सच्छिद्र थर लवकर कुजून मुरूम होतो आणि तेथे उताराची पायरी तयार होते. कडा, पायरी, कडा, पायरी अशी ही रचना लांबूनही दिसते. विल्यम सायक्स या लष्करी अधिकाऱ्याने १८३३ साली या खडकांचे जे वर्णन केले, त्यात त्यांना 'डेक्कन ट्रॅप' म्हटले आहे. 'ट्रॅप' या शब्दाचा उगम स्वीडिश भाषेतल्या पायरी या अर्थाच्या शब्दात आहे.

वाट काढणाऱ्याला पायरी हवीहवीशी वाटते. कडा फोडण्यापेक्षा पायरीवरून आडवे जाणे स्वस्त. पण हीच पायरी फसवी असते. वरच्या कड्यातून सुटलेले धोंडे आणि माती शतकानुशतके तिच्यावर येऊन पडतात. हा ढिगारा ज्या कोनात स्थिरावला आहे, तो कोन त्याला जेमतेम पेलणारा असतो. कोरड्या वाळूचा ढीग करून पाहा. तो साधारण ३० ते ३५ अंशांचा उतार घेऊन थांबतो. पायथ्याची वाळू चमच्याने काढली की वरची खाली सरकते. डोंगरातला रस्ता नेमके हेच करतो, तो उताराचा पाय कापतो.

त्यात पाणी. खंडाळा-लोणावळा परिसरात वर्षाला सुमारे साडेचार हजार मिलिमीटर पाऊस पडतो आणि बहुतेक सगळा चार महिन्यांत. वरच्या भेगाळलेल्या खडकातून झिरपणारे पाणी तांबड्या पट्ट्याशी अडते आणि तेथून झऱ्यांच्या रूपाने बाहेर येते. ढिगाऱ्यात शिरलेले पाणी दोन गोष्टी करते: वजन वाढवते, आणि कणांमधल्या जागेत दाब निर्माण करून त्यांची एकमेकांवरची पकड सैल करते. दुसरी गोष्ट अधिक घातक. दरड कोसळली की आपण 'माती वाहून गेली' असे म्हणतो. खरे तर पुष्कळदा माती आधी आतून सुटते आणि मग वाहते. म्हणून घाटरस्त्याच्या अभियंत्याने दगडी भिंतीइतकीच काळजी गटारांची आणि मोऱ्यांची घ्यायची असते. निविदांमध्ये मात्र पैसा वाचवायची वेळ आली की पहिली कात्री मोऱ्यांनाच लागते, असे आमचे निरीक्षण आहे.

आगगाडीचा प्रश्न गाडीरस्त्याहून कितीतरी अवघड होता. लोखंडी चाक लोखंडी रुळावर फार कमी घर्षणाने धावते. सपाटीवर हा गुण आणि चढावर अवगुण. त्या काळच्या सपाट मार्गावर एक टन वजन ओढायला चार-पाच किलोग्रॅम एवढी ओढ पुरत असे. दोनशे टनांच्या गाडीला साधारण एक टन. हीच गाडी ३७ मीटरला एक मीटर अशा चढावर आणली, तर नुसते गुरुत्वाकर्षण तिला २०० भागिले ३७, म्हणजे जवळजवळ साडेपाच टनांनी मागे खेचते. एकूण ओढ सहापटीहून जास्त लागते. वाफेचा जोर वाढवला तरी ठरावीक मर्यादेनंतर चाके जागच्या जागी फिरू लागतात, आणि पावसाने रूळ ओले असतील तर त्याच्याही आधी. म्हणून चढ कमी ठेवायचा. चढ कमी ठेवायचा म्हणजे लांबी वाढवायची. ४८० मीटर उंची ३७ ला १ या प्रमाणात गाठायला १७ किलोमीटर ७६० मीटर मार्ग हवा, आणि खोपोली ते खंडाळा तर चार-पाच किलोमीटरच आहेत!

उरलेले बारा-तेरा किलोमीटर आणायचे कोठून? डोंगराच्या अंगाखांद्यावरून वळणे घेत. पण जितका मार्ग लांब, तितका तो उताराच्या अधिक भागाचा पाय कापणार, तितक्या अधिक घळी ओलांडणार, तितक्या अधिक ठिकाणी दरडीच्या तोंडाशी येणार. चढ सौम्य करावा तर धोका लांबीने वाढतो. धोका कमी करावा तर चढ इंजिनाच्या आवाक्याबाहेर जातो. ३७ ला १ हा आकडा या ओढाताणीतून निघालेली तडजोड आहे.

ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेच्या कल्पनेमागचे जॉन चॅपमन यांचा पहिला बेत माळशेज घाटाने वर चढण्याचा होता. एकाच घाटाने वर जायचे आणि मग फाटे फोडायचे, असा तो विचार. १८५० साली मुख्य अभियंता म्हणून जेम्स जॉन बर्कली मुंबईत आले. त्यांच्या पाहण्यांनंतर माळशेज मागे पडला आणि दोन घाट ठरले: ईशान्येकडे थळघाट आणि आग्नेयेकडे बोरघाट. दोन घाट बांधणे खर्चाचे खरे, परंतु एक अशक्यप्राय घाट बांधण्यापेक्षा ते शहाणपणाचे होते.

बर्कली यांनी बोरघाटासाठी खोपोलीची बाजू सोडली. तिकडे कडा अंगावर येतो. त्याऐवजी कर्जतजवळच्या पळसदरीपासून निघून उल्हास नदीच्या खोऱ्याच्या कडेकडेने, डोंगराच्या एका लांब सोंडेचा आधार घेत वर सरकायचे असे ठरले. आज ठाकूरवाडी, नागनाथ, मंकी हिल ही नावे आपण गाडीतून वाचतो, ती याच सोंडेवरची. पाहणी करणाऱ्यांना थिओडोलाइट आणि साखळी घेऊन कड्यांच्या पोटातून जावे लागले; पाय ठेवायला जागा नव्हती तेथे माणसे दोराने सोडली गेली. हे काम वर्षातले आठ महिनेच शक्य होते.

आकडे असे. पायथा समुद्रसपाटीपासून १९६ फूट, माथा २०२७ फूट, म्हणजे चढण १८३१ फुटांची. लांबी १५ मैल ६८ साखळ्या. एका मैलात ८० साखळ्या, मैलाचे ५२८० फूट. विद्यार्थ्यांनी गुणाकार-भागाकार करून पाहावा: सरासरी चढ ४६ ला १ च्या जवळपास येतो आणि कमाल ३७ ला १. मार्गावर २५ बोगदे, एकूण सुमारे सव्वादोन मैल लांबीचे, आणि आठ मोठे कमानदार दरीपूल. वीस लाख घनयार्डांहून अधिक खोदाई, चोवीस लाखांहून अधिक भराव.

एवढे करूनही एका ठिकाणी सोंड संपली आणि वळायला जागा उरली नाही. तेथे बर्कली यांनी 'रिव्हर्सिंग स्टेशन' बांधले. गाडी सोंडेच्या टोकावरच्या सपाट जागेत जाऊन थांबायची, इंजिन दुसऱ्या टोकाला लावायचे आणि गाडी उलट्या दिशेने पुढची चढण चढू लागायची. इंग्रजी झेड अक्षराचा कोन समजा. वळणासाठी लागणारी मोठी त्रिज्या किंवा लांब बोगदा यातून वाचला. बदल्यात प्रत्येक गाडीचा वेळ गेला. सुमारे ६६ वर्षे ही कसरत चालली. विद्युतीकरणाच्या वेळी, १९२९ साली, नवा बोगदेवजा मार्ग काढून ती संपवण्यात आली.

वर्गात करण्याजोगा एक प्रयोग येथे सुचवावासा वाटतो. भारतीय सर्वेक्षण विभागाचा ५०,००० ला १ या प्रमाणाचा कोणताही डोंगराळ नकाशा घ्या. त्यावरील समोच्चरेषा बहुधा २० मीटरच्या अंतराने असतात. ३७ ला १ या चढाने एका रेषेवरून वरच्या रेषेवर जायला ७४० मीटर चालावे लागेल. नकाशावर हे जवळजवळ १५ मिलिमीटर. कर्कटक १५ मिलिमीटर उघडा, एक टोक खालच्या रेषेवर ठेवा आणि दुसरे वरच्या रेषेला जेथे टेकेल तेथे खूण करा. असेच पुढे जा. खुणा जोडल्या की संभाव्य लोहमार्ग. मग कर्कटक ८ मिलिमीटरवर आणा. हा २० ला १ चढाचा मोटाररस्ता. दोन्ही रेषा किती घळी ओलांडतात ते मोजायला सांगा. मुले पहिल्या प्रयत्नात हमखास कड्यात अडकतात आणि मागे येऊन दुसरीकडून सुरुवात करतात. अभियंत्यांनीही तेच केले.

प्रत्यक्ष बांधकाम १८५६ च्या जानेवारीत सुरू झाले. डायनामाइटचा शोध तेव्हा लागायचा होता. पहारीने हाताने भोके पाडायची, काळी दारू ठासायची, वात पेटवायची. कड्यावर उभे राहायला जागा नसल्यामुळे कामगार दोरांना लटकून भोके पाडत. बोगद्याच्या तोंडापर्यंत पोचायला आधी पायवाटा कोराव्या लागत. उन्हाळ्यात झरे आटत आणि हजारो माणसांना पाणी पुरत नसे. पावसाळ्यात काम बंद. १८५६ साली गाडी खोपोलीपर्यंत आणि १८५८ साली पुण्याकडून खंडाळ्यापर्यंत येऊन पोचली होती. मधला टप्पा प्रवासी माल्कमसाहेबांच्या रस्त्याने पार करीत. त्यामुळे घाट लवकर पुरा करण्याची घाई सर्वांनाच होती.

कंत्राट विल्यम फेव्हिएल यांच्याकडे होते. मजुरांचे पैसे थकले आणि जानेवारी १८५९ मध्ये घाटात मोठा उद्रेक झाला. पुढे १८६० साली मालक आणि कामगार यांच्या तंट्यांविषयी जो कायदा झाला, त्याच्यामागे हा प्रसंग होता. फेव्हिएल यांनी काम सोडले. नवे कंत्राटदार सॉलोमन ट्रेडवेल इंग्लंडहून आले आणि काही दिवसांतच आजाराने वारले. त्यांच्या पत्नी अ‍ॅलिस ट्रेडवेल यांनी कंत्राट आपल्याकडे घेतले, दोन अनुभवी अभियंते नेमले आणि काम शेवटास नेले. घाटाच्या बांधकामाची छायाचित्रेही त्यांनी काढली. १८६१ च्या सुरुवातीस कामावर ४२ हजारांहून अधिक माणसे होती. त्यांत बायका होत्या, मुले होती. सुरुंगाने, दरडीने मेले त्यांच्यापेक्षा पटकीने मेलेल्यांची संख्या मोठी. डोंगरउतारावर दाटीवाटीने घातलेल्या झोपड्या, वर वस्ती आणि खाली पिण्याचे पाणी. जॉन स्नो यांनी पटकीचा संबंध पाण्याशी आहे हे लंडनमध्ये १८५४ सालीच दाखवून दिले होते. पण ते मानायला वैद्यकविश्व तयार नव्हते. मार्गाची आखणी करताना खडकाचा, चढाचा, दगडाचा हिशेब झाला. चाळीस हजार माणसे काय पितील, हा हिशेब आखणीत आला नाही. आमच्या मते या अभियांत्रिकीतली सर्वांत मोठी उणीव हीच.

२१ एप्रिल १८६३ रोजी गव्हर्नर सर बार्टल फ्रिअर यांच्या हस्ते घाटमार्गाचे उद्घाटन झाले. बर्कली ते पाहायला नव्हते. प्रकृती ढासळल्याने ते इंग्लंडला परतले होते आणि ऑगस्ट १८६२ मध्ये वारले.

चार वर्षांनी, १८६७ च्या जुलैत, 'म्हाऊ-की-मल्ली' या घळीवरचा दरीपूल कोसळला. आखणी चुकली नव्हती. दगडकाम चुकले होते. बाहेरून घडीव चिरे आणि आत निकृष्ट चुन्यात टाकलेली दगडांची भर, अशा खांबांत पाणी मुरत गेले. कंपनीच्या मार्गावरचे बरेच पूल नंतर तपासून पुन्हा बांधावे लागले. घाईने आणि तुकड्या-तुकड्याच्या कंत्राटांनी झालेल्या कामाचा तो परिणाम होता. त्याच घाटातला १८३० चा लहानसा पूल मात्र सुरुंग लावेपर्यंत हलला नाही.

घाटाच्या जुन्या रस्त्यावर शिंग्रोबाचे देऊळ आहे. शिंग्रोबा नावाच्या धनगराने साहेबाला घाटाची वाट दाखवली आणि नंतर साहेबानेच त्याचा जीव घेतला, अशी लोककथा सांगतात. जाणारे-येणारे गाडीतून नाणी टाकतात. कथेला कागदोपत्री आधार शोधण्यात फारसा अर्थ नाही. शेळ्या-मेंढ्या चढतात त्या वाटेने इंजिन चढत नाही, हेही खरे. परंतु कोणत्या पायरीवरून आडवे जाता येते, कोणता झरा मे महिन्यातही वाहतो, कोणत्या घळीत दरवर्षी धोंडे येतात, हे पाहणी पथकाला स्थानिक माणसाशिवाय कोण सांगणार? कथेत तेवढे सत्य नक्कीच आहे.

२००२ साली पूर्ण झालेल्या द्रुतगती मार्गाने हाच कडा पुन्हा कापला, या वेळी सहा पदरी रुंदीने. रुंद रस्त्यासाठी उतार अधिक खोल खणावा लागतो आणि मागे अधिक उंच उभी भिंत राहते. २०१५ च्या जून-जुलैत आडोशी बोगद्याजवळ दरडी कोसळल्या आणि प्रवासी मृत्युमुखी पडले. त्यानंतर तेथे पोलादी जाळ्या ठोकण्यात आल्या आणि सैल धोंडे काढण्यात आले.

रेल्वेवर हे काम दरवर्षीचेच आहे. कर्जतला अनेक गाड्यांना मागून ढकलणारी इंजिने जोडतात, तेवढ्यात आपण वडे घेतो. उतरणीवर ब्रेक निकामी झालेली गाडी अडवण्यासाठी चढत्या उपमार्गाची, म्हणजे कॅच सायडिंगची सोय आहे. आणि पावसाळ्यापूर्वी 'हिल गँग'चे कामगार कंबरेला दोर बांधून कड्यावर उतरतात, पहारीने एकेक धोंडा ठोकून पाहतात आणि सैल लागला तर तो खाली पाडतात. पाडलेले धोंडे उचलून नेणाऱ्या गाडीला रेल्वेत 'बोल्डर स्पेशल' म्हणतात.